मुंबई–लंडन : तिकिटावर साडेचार तास, प्रवास मात्र दहा तासांचा

*सोसायटी ग्रुप, जळगाव*

ए-304 सुनीताताई : मुंबई–लंडनचं थेट तिकीट बघतेय, जानेवारीतलं. दुपारी 2 ला सुटतं, संध्याकाळी 6:30 ला पोहोचतं. साडेचार तासांत 7,200 किमी?

बी-101 महाजन काका : नाही ताई. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यांचे 6:30 म्हणजे आपले रात्रीचे 12. झाले 10 तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. तेवढे महिने फरक साडेचार तासांचाच. घ्यायला येणाऱ्याला लंडनची वेळ कळवा, आपली नको.

सी-202 राहुल : पण काका, विमानाचा वेग ताशी 900 किमी. 7,200 भागिले 900 म्हणजे 8 तासच ना?

महाजन काका : 7,200 हे गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. विमान त्या रेषेवरून जाईलच असं नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना बंदी घातली, म्हणून ती अरबी समुद्रावरून वळसा घेतात. शिवाय छापील वेळ गेट ते गेट असते. धावपट्टीपर्यंतची रांग, वर चढणं, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की आकाशात घिरट्या, यात कुठेच 900 चा वेग नसतो.

डी-401 नेहा : येताना तासभर कमी दाखवतंय. पृथ्वी फिरते म्हणून का?

महाजन काका : नाही बेटा, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. कारण वाऱ्याचं आहे. 30 ते 40 हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात. सरासरी ताशी 50 किमीचा वारा धर. जाताना 900 चे 850 होतात, येताना 950. वाट 8,000 किमीची धरली तर जाताना 9 तास 25 मिनिटं, येताना 8 तास 25. तो तास असा निघतो.
एअर इंडियाने 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे 1,400 किमीने वाढली, तरी वारा पाठीशी म्हणून वेळ वाचला!

ए-102 देशमुख मॅडम : मुलांना गोलावरची सर्वांत जवळची वाट दाखवायची असेल तर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, ध्रुवाकडचा भाग त्यात ताणलेला असतो. ग्लोब घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ढील राहू न देता ताणा. दोरा आपोआप वर सरकतो आणि आइसलंडवरून जातो. ते अंतर साधारण 12,500 किमी.

सुनीताताई : आता कळलं. मग जळगावहून कधी निघायचं?

महाजन काका : 2 चं विमान म्हणजे 11 ला विमानतळावर. रेल्वेने मुंबई 420 किमी. रात्रीची गाडी धरा आणि ठाण्यालाच उतरून टॅक्सी करा. सीएसएमटीपर्यंत गेलात तर तेवढंच उलटं यावं लागतं. आधी बघून घ्या, काही गाड्या ठाण्याला थांबत नाहीत.

राहुल : पावसाळ्यात असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. कसारा घाटात गाडी अडकली तर विमान थांबत नाही, आणि रेल्वेचं तिकीट वेगळं असल्याने विमान कंपनी उशिराची जबाबदारी घेत नाही.