मदत हवी आहे: युनाच्या स्कर्टला रंगच चढत नाहीये

निळीशाई: युनाचा स्कर्ट शिवून झालाय, पण रंग चढत नाहीये. डब्यावर लिहिल्याप्रमाणे उकळत्या पाण्यात मीठ घालून बुडवला. पातेल्यात शाईसारखा गडद दिसतो आणि धुतला की फिकट जांभळा! परत केलं तरी तेच. पुढच्या शनिवारी घालायचा आहे. गडद कसा करू? लवकर सांगा प्लीज. आणि तयार विकत घे असं कृपया सुचवू नका.

टाकाटीप: कापड कोणतं? रंग सुतीचा की रेशमाचा? आणि युना कोण?

निळीशाई: कापड साधं पांढरं आहे. रंग सुतीचा. युना म्हणजे फायनल फँटसी टेनमधली, २००१ चा गेम. पायघोळ निळा-जांभळा स्कर्ट, त्यावर फुलं, कमरेला मोठा पिवळा पट्टा.

चिंचेचा_कोळ: अगं, व्हिनेगर घाल अर्धी वाटी. माझ्या ओढण्या मी तशाच रंगवते, मस्त गडद होतात.

रंगरेषा: व्हिनेगर रेशीम, लोकर, नायलॉनच्या रंगांना लागतं. सुतीला त्याचा काही उपयोग नाही.

चिंचेचा_कोळ: माझ्या ओढण्या तुम्ही पाहिल्यात का? चंदेरी कापडाच्या आहेत.

रंगरेषा: मग त्यात रेशीम असणार, ताई. म्हणूनच चढतो.

घेरदार: या स्कर्टला हाकामासारख्या (जपानी चुणीदार पायघोळ वस्त्र) चुण्या लागतात. एकावर एक पूर्ण चुणी हवी तर कमरेच्या तिप्पट कापड धरायचं, शिवाय शिलाईची दाब. चुण्या आधी इस्त्रीने बसव, मगच पट्टा जोड.

निळीशाई: स्कर्ट शिवून झालाय हो. प्रश्न रंगाचा आहे.

सदाशिवपेठी: पूर्वी रंगाऱ्याकडे टाकलं की काम व्हायचं. भाऊसाहेब रंगारींच्या घरी शालू रंगवायचंच काम होतं. पुण्यातला पहिला सार्वजनिक गणपती १८९२ चा, त्यांचा, हे मात्र सगळे मानत नाहीत.

टाकाटीप: काका, तो वाद दुसऱ्या धाग्यावर. निळीशाई, कापड सुतीच आहे हे कशावरून?

निळीशाई: रविवार पेठेत दुकानदाराने सुती म्हणूनच दिलं. स्वस्त होतं आणि चुरगळत नव्हतं, म्हणून घेतलं.

रंगरेषा: चुरगळत नाही? मग शंका आहे. आतल्या दाबेतून चार दोरे काढ, चिमट्यात धरून मोरीत पेटव. निव्वळ सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक गोळी होते. गोळीला लगेच हात लावू नकोस, भाजेल.

निळीशाई: केलं. आधी कागदासारखा वास आला, नंतर प्लॅस्टिकचा. टोकाला काळा मणी झालाय, नखाने फुटत नाही. आणि आता बघते तर शिलाईची रेघ पांढरीच्या पांढरी आहे, रंगाचा थेंबही नाही.

रंगरेषा: टेरिकॉट आहे. त्यातल्या सुताने रंग घेतला, पॉलिस्टरने घेतला नाही, म्हणून फिकट. दोरा तर पूर्ण पॉलिस्टरचा. कितीही उकळलंस तरी त्या रंगाने गडद होणार नाही. पॉलिस्टरला डिस्पर्स रंग लागतात. गिरणीत ते १३० अंशांच्या आसपास दाबाखाली चढवतात. घरच्या पातेल्यात गडद निळा येणं कठीण.

चिंचेचा_कोळ: तरी एकदा व्हिनेगर घालून बघायला काय हरकत आहे?

टाकाटीप: वेळ जाईल, बाकी काही नाही. निळीशाई, नवीन मांजरपाट घे. दुकानातच दोरा पेटवून बघ, आणि शिवायला सुती दोराच वापर, नाहीतर सगळ्या शिलाया पांढऱ्या दिसतील. फुलं कशी करणार आहेस?

निळीशाई: मेण लावून, बाटिकसारखी.

रंगरेषा: मग उकळता रंग चालणारच नाही, मेण वितळेल! थंड पाण्यातला रिअॅक्टिव्ह रंग घे. मांजरपाटाची खळ आधी गरम पाण्यात धुऊन काढ. तेव्हाच तो आटतो, म्हणून बेतायच्या आधी धू. वाळला की फुलांवर मेण. मग मिठाच्या पाण्यात रंग, त्यात कापड, नंतर वेगळ्या पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा. सोड्याशिवाय रंग धाग्याला पक्का धरत नाही. रात्रभर ठेव, सकाळी पाणी स्वच्छ येईपर्यंत धू, शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढ. हातमोजे घाल.

घेरदार: मापं टाक, कापड किती लागेल ते सांगतो.

निळीशाई: कंबर २८, उंची ४०. संध्याकाळी पेठेत जाते.

घेरदार: पन्हा ४४ इंची मिळाला तर चार मीटर आण. आटल्यावरही पुरेल आणि रंग तपासायला तुकडा राहील.