फिशटँकची खडी धुतली की दोन दिवसांत पाणी दुधाळ होतं, उपाय सुचवा

निळीकाच:
टँक २४ × १२ × १५ इंच. तळाशी तीन इंच खडी, ३ गोल्डफिश, ८ मॉली, एक स्पंज फिल्टर. महिन्यातून एकदा मासे बादलीत काढून खडी आणि स्पंज नळाखाली नितळ पाणी येईपर्यंत धुतो. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं होतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, एखादा दगावतो. काय चुकतंय? खडी साफ करायला कोणतं साधन घ्यावं?

पाणवेल:
धुण्यामुळेच हे होतंय. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर आणि स्पंजात चिकटून राहतात. नळाच्या क्लोरिनने ते मरतात, आणि जे उरतात ते चोळून धुतल्याने वाहून जातात. मासे मात्र तेवढेच, खाणंही तेवढंच. मग अमोनिया साचतो. दुधाळपणा म्हणजे पाण्यात मोकळे वाढलेले दुसरे जिवाणू. ते प्राणवायू ओढतात, म्हणून मासे वर येतात.

खडी टँकमधून बाहेर काढायचीच नाही, सायफनने (पाणी आपोआप खाली ओढून घेणाऱ्या नळीने) जागेवरच साफ करायची. विकतचा सायफन चालेल, नाहीतर एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापा आणि गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप, अर्धा इंची, दीड-दोन मीटर, तोंडाशी घट्ट बसवा. तोंडाने ओढू नका. पाईप आणि बाटली टँकमध्ये बुडवून पूर्ण भरा, मोकळं टोक अंगठ्याने दाबून खाली बादलीत सोडा.

बाटली खडीत तळापर्यंत खुपसा. खडी बाटलीत निम्म्यापर्यंत उसळते, गोल फिरते आणि तिच्यातून तपकिरी गाळाचा ढग पाईपमध्ये चढतो. पाणी फिकट झालं की पाईप चिमटा, खडी खाली बसते. मग शेजारची जागा. एका वेळी तळाचा एक तृतीयांश भागच घ्या, पुढच्या आठवड्यात पुढचा. हीटर असेल तर पाणी काढण्याआधी बंद करा, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो.

शिंपला:
मापं बघा. टँक भरून ७० लिटरचा असला तरी खडी आणि वरची रिकामी जागा सोडून खरं पाणी ५० लिटरच्या आसपास. आठवड्याला २५ टक्के म्हणजे १२ ते १३ लिटर. एवढ्यात सायफन थांबवायचा. स्पंज याच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा, नळाखाली कधीच नाही.

नवीन पाण्यातलं क्लोरिन आधी मारा. हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १०० मिली करा. २० लिटरच्या बादलीला ३ मिली. एवढ्याने लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंतचं क्लोरिन जातं. पावसाळ्यात पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास येत असेल तर ५ मिली घाला. नवीन पाणी आणि टँक यांच्या तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको.

तीन इंच खडी जास्त आहे, दीड ते दोन इंच पुरे. एवढ्या जाड थरात खाली अडकलेला गाळ बाटलीने पूर्ण निघत नाही. पण एकदम काढू नका, दर आठवड्याला दोन-तीन मुठी काढा. आणि एवढ्या पाण्यात ३ गोल्डफिश फार होतात. त्यांची घाण मॉलीच्या कितीतरी पट. शिवाय त्यांना थंड पाणी लागतं, मॉलीला कोमट. वेगळे केलेत तर खडीचं निम्मं काम कमी होईल.

निळीकाच:
मनापासून आभार. खडीऐवजी बारीक वाळू घातली तर? आणि आज पाणी दुधाळच आहे, आत्ता काय करू?

पाणवेल:
वाळू एक इंचाहून जाड नको. जाड थरात प्राणवायू पोचत नाही, खाली काळे पट्टे पडतात आणि ढवळल्यावर सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वायू विषारी असतो. वाळूवर बाटली खुपसायची नाही, अर्धा इंच वर धरून फिरवायची. कोणतीही खडी घेताना व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर ती संगमरवरासारखी चुनखडीची आहे, पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) चढवते. पीएच ७ वरून ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट वाढतो.

आज: दोन दिवस खाणं बंद, हवेचा पंप पूर्ण वेगाने चालू, रोज २५ टक्के पाणी बदला, खडी-स्पंजाला हात लावू नका. थेंबांचं टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत रोज तपासा, लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर दिसलं तर त्या दिवशी निम्मं पाणी बदला. मिथिलिन ब्लू (माशांचं निळं औषध) घालू नका, उरलेसुरले जिवाणूही जातील. खाणं पुन्हा सुरू कराल तेव्हा दोन मिनिटांत संपेल एवढंच.