निराधारचे पैसे 'सोडले' म्हणतात, पण पासबुकात दिसत नाहीत

वाडीकर: शेजारच्या काकूंचं (विधवा, वय ५२) संजय गांधी निराधार योजनेचं प्रकरण मंजूर होऊन तीन महिने झाले. खात्यात रुपया नाही. बँक म्हणते आधार लिंक आहे, तहसील म्हणते पैसे सोडले. धरायचं कुणाला?

सेतूताई: दोघंही खरं बोलत असतील. बँकेचं 'लिंक' म्हणजे केवायसीला (ओळख पटवायला) आधार दिलेलं. डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, तेवढं पुरत नाही. डीबीटीत पैसे आधार क्रमांकावर सुटतात आणि तो क्रमांक कुठल्या बँकेचा, हे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) मॅपरवरून, म्हणजे आधार-बँक जोडणीच्या यादीवरून ठरतं. तिथे एका आधारला एकच बँक, शेवटची जोडलेली. सिम घेताना कुणी अंगठा घेऊन खातं उघडलं असेल तर पैसे निमूट तिकडे.

माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' (आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते) बघा. ओटीपी आधारच्या मोबाइलवर येतो. नंबर मुलाचा असेल तर त्याला फोनवर धरूनच बसा.

गणपा७४: पासबुक पतसंस्थेचं नाही ना? पतसंस्था बँक नव्हे, मॅपरवर ती येतच नाही.

वाडीकर: बघितलं. भलत्याच बँकेचं नाव, ॲक्टिव्ह.

सेतूताई: मग पैसे बुडालेले नाहीत. आधार घेऊन त्या बँकेत जा, पासबुक छापून घ्या, रक्कम काढा. पुढचे हप्ते जुन्याच बँकेत हवे असतील तर तिथे आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा, त्यात आत्ता जोडलेल्या बँकेचं नाव लिहा. आठवड्याने स्टेटस पुन्हा बघा. तहसीलला नवा अर्ज मात्र नको, दुबार म्हणून अडकेल.

'इनॲक्टिव्ह' आलं असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा सीडिंग करून तहसीलच्या निराधार शाखेला, ज्या महिन्यांचे पैसे परत गेले त्यांच्यासाठी लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं तिथे कुणाच्या लक्षात राहत नाही.

गणपा७४: पासबुकात महिन्याचे १५०० एकरकमी शोधू नका. दारिद्र्यरेषेच्या यादीत असतील तर इंदिरा गांधी विधवा योजनेत घेतलेलं असू शकतं: केंद्राचे ३००, राज्याचे १२००, वेगवेगळ्या तारखांना. ३०० बघून लोक उगाच भांडायला जातात. आणि लाडकी बहीणचा फॉर्म भरू नका. दुसऱ्या योजनेतून १५०० मिळत असतील तर ती लागू नाही.

सेतूताई: हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, नाहीतर हप्ता थांबतो. तो देताना शेतात राबलेल्या हाताचा अंगठा कधी कधी मशीनवर उठत नाही. कोमट पाण्याने धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघा.