धरणे धरले की धरणे दिले?

रेघोट्या: "अंगणवाडी सेविकांनी जिल्हा परिषदेसमोर धरणे दिले." अशी वाक्यं हल्ली बातम्यांत सर्रास दिसतात. 'धरणे धरणे' हेच बरोबर ना? आणि मग ठिय्या वेगळा कसा?

पोथीनिष्ठ: धरणं धरतातच. हा शब्द मुळात देण्याघेण्यातला. पैसे बुडायची वेळ आली की धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा. तो उठेपर्यंत घरातल्यांनीही जेवायचं नाही, असा संकेत. आधी कोण मोडतो एवढाच प्रश्न. मराठी फौजेत पगार थकला की शिपाई सरदाराच्या तंबूपुढे हेच करत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ खाली चक्क धरण्याचं उदाहरण दिलं होतं: समोरच्यावर दैवी कोप होईल असं भासवायला त्याच्या दारात बसणं. थोडक्यात, उपास आणि शापाची धमकी हा धरण्याचा गाभाच होता. आता दोन्ही गळाले. उपासाला 'उपोषण' हा वेगळा शब्द आला, त्यातही साखळी, लाक्षणिक, बेमुदत, आमरण असे प्रकार.

तिरकमठा: 'देणे' हिंदीच्या 'धरना देना'मधून आलं हे खरं, पण मराठीत 'ठिय्या देणे' आधीपासून आहे, त्यानेही ते रुळायला मदत झाली असावी. फरक विचाराल तर धरण्याला सहसा आधी पत्र दिलेलं असतं, मांडव असतो, अकरा ते पाच अशी वेळ ठरलेली असते. ठिय्या म्हणजे साहेबांच्या दालनाबाहेर बसकण मारायची आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही.

सामान्यरूप मात्र सांभाळा. 'धरण्यात सहभागी व्हा' असं हवं. पत्रकात 'धरणात सहभागी व्हा' छापलं तर लोकांना पाण्यात उतरवल्यासारखं होतं!

रेघोट्या: 😀 मग 'हरताळ फासणे' आणि 'हरताळ पाळणे' यांतला हरताळ एकच का?

पोथीनिष्ठ: नाही, आणि इथे भलेभले घसरतात. फासायचा हरताळ म्हणजे संस्कृत हरिताल, पिवळं विषारी खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की हरताळ खलून त्यावर लेप द्यायचे. कागदाचा रंगही पिवळसर, त्यामुळे डाग फारसा उठून दिसत नसे. लेप वाळला की त्यावरच नवं अक्षर. म्हणून वचनाला, तत्त्वाला हरताळ 'फासला' जातो.

पाळायचा हरताळ गुजरातीतल्या 'हडताल'चा भाऊ: हाट म्हणजे दुकान, ताळं म्हणजे कुलूप. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ ला देशभर झाला तो हा. 'व्यापाऱ्यांनी हरताळ फासला' असं लिहिलंत तर त्यांनी बंद मोडला की पाळला, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

तिरकमठा: क्रियापदं लक्षात ठेवली की निम्मे घोळ टळतात. मोर्चा काढतात किंवा नेतात, कारण त्याला पोचायचं ठिकाण असतं. मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून निघून आझाद मैदानावर पोचले, तो मोर्चा. तो 'मांडता' येत नाही. घेराव घालतात, निदर्शनं करतात, बंद पुकारतात. संप करतात, पण तो काम करणाऱ्यांचा. १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी केला तो संप, हरताळ नव्हे. हिंदीत दोन्हींना हड़तालच म्हणतात, त्यामुळे भाषांतरात 'भूक हरताळ' असलं काहीतरी येतं. तिथे सरळ 'उपोषण' लिहा.