मदत हवी आहे: स्नॅपशॉट घेताना सर्व्हर अडकतो

नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर मायएसक्यूएल डेटाबेस आहे, खाली एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) आणि ईएक्सटी४ फाइल सिस्टीम. रोज संध्याकाळी स्क्रिप्ट सगळ्या टेबलांना रीड लॉक लावते (वाचता येतं, लिहिता येत नाही), एलव्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाचं गोठवलेलं चित्र) घेते, लॉक सोडते आणि मग स्नॅपशॉटवरून बॅकअप कॉपी करते.

स्नॅपशॉट क्षणात होतो. अडतं ते लॉकपाशी. एखादा मोठा रिपोर्ट चालू असला की लॉक त्याच्यासाठी थांबतो आणि मागच्या सगळ्या नोंदी लॉकसाठी. नेमके तेव्हाच पिग्मी एजंट भरणा घेऊन काउंटरवर उभे असतात. स्क्रीन गोठते, पावती निघत नाही. लोकांना ताटकळत ठेवणं बरं वाटत नाही.

पुढेही कॉपी संपेपर्यंत लिखाण मंदावतं, कारण बदलणाऱ्या प्रत्येक भागाची जुनी प्रत आधी स्नॅपशॉटमध्ये जाते. तिथली जागा भरली की स्नॅपशॉटच बाद! मूळ डेटा शाबूत, पण बॅकअप गेला.

टेबलं सगळी इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) आहेत, डेटा आणि रीडू लॉग (बदलांची नोंद ठेवणारी फाइल) एकाच व्हॉल्यूमवर. मग लॉक न लावता स्नॅपशॉट घेऊन रिस्टोअरच्या वेळी क्रॅश रिकव्हरीवर (रीडू लॉगवरून डेटा आपोआप सुसंगत करण्यावर) भिस्त ठेवावी का? की रेप्लिका (मूळ डेटाबेसचे बदल घेत राहणारा दुसरा सर्व्हर) उभारून बॅकअप तिथूनच घ्यावा? एलव्हीएमचा थिन पूल (लागेल तशी जागा देणारा सामायिक साठा) वापरणाऱ्यांचा अनुभवही कृपया सांगा.