मदत हवी आहे: रिकाम्या पिकअपचा फाळका पाडून चालवलं तर ॲव्हरेज वाढतं काय? ताडपत्रीचं पण सांगा

भाजीगाडी_बेळगाव
नमस्कार मंडळी. थेट विचारतो. रिकामी येताना फाळका, म्हणजे माल भरायच्या हौद्याचं मागचं दार, खाली सोडून आलं तर डिझेल वाचतं काय? एपीएमसीत आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात, निम्मे म्हणतात फाळका पाड, वारा सरळ मागनं निघून जातो, निम्मे म्हणतात काय फरक पडत नाही. त्यात आता मालकांनी नवीन काढलंय, हौद्यावरच्या ताडपत्रीच्या कमानी काढून टाका आणि रिटर्नला हौद्यावर सपाट ताडपत्री ताणून बांधा म्हणतात. डिझेल जास्त लागलं की माझ्या हिशोबातनं कापतात म्हणून विचारतोय, नुसती चर्चा नको. ज्यांनी करून बघितलंय त्यांनीच सांगा, पहाटे गाडी भरायची आहे.

निपाणी_नाका
गाडी कुठली? रोड कुठला? आता किती पडतंय ॲव्हरेज?

हुक्केरी_दोस्त
फाळका पाडायचा, डोळे झाकून. बंद फाळका म्हणजे वाऱ्याला भिंत, हौद्यात वारा भरतो आणि गाडी मागं ओढतो. मी अशोक लेलँडची दोस्त गाडी चालवतो, रिकामी असली की कायम पाडूनच, गाडी हलकी पळते हे पायाला कळतं.

भाजीगाडी_बेळगाव
गाडी पिकअप, सांगितलं की ओ वर.

निपाणी_नाका
पिकअप म्हणजे बोलेरो का योद्धा का अजून काय? हौदा किती लांब? रिकामी येताना स्पीड किती असतो? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार दादा.

उद्यमबाग_मशीनशॉप
हुक्केरीचे दादा, वाईट वाटून घेऊ नका पण भिंतीचा हिशोब उलटा आहे. केबिनच्या टपावरनं वारा सुटतो तो लगेच खाली हौद्यात पडत नाही. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक मोठा भोवरा तयार होऊन तिथंच फिरत बसतो आणि वरचा वारा त्या भोवऱ्यावरनं घसरत फाळक्याच्या पलीकडं जातो. फाळका पाडला की तो भोवरा टिकत नाही, वारा खाली येतो, केबिनच्या पाठीमागची ओढ वाढते. अमेरिकेत पिकअपवर विंड टनेलमध्ये आणि रोडवर याच्या टेस्ट झाल्यात, बहुतेक वेळा फाळका बंदच बरा निघाला. सपाट कव्हर घातलं तर थोडा फायदा होऊ शकतो, पण थोडाच.

विश्वास बसत नसेल तर घरच्या घरी बघता येतं. प्लास्टिकच्या पट्ट्या कापा, हौद्याच्या पत्र्यावर टेपनं एका टोकाला चिकटवा आणि मागच्या काचेतनं दुसऱ्याला बघायला बसवा. फाळका बंद असताना साठच्या वर गेलं की खालच्या पट्ट्या मागं नाही, केबिनकडं तोंड करून उडतात. कोबी उतरवून रिकामी येताना हौद्यातली सुटी पानं बघा, मागनं बाहेर उडून जात नाहीत, फिरत फिरत केबिनच्या मागं कोपऱ्यात येऊन साठतात. हीच ती हवा.

हुक्केरी_दोस्त
पानांचं खरं आहे, आमच्यात पण कोपऱ्यातच साठतात. पण अमेरिकेतल्या गाड्यांचा हौदा आणि आपला हौदा एक आहे काय? त्यांचा आखूड, आपला बोलेरोचा लांबलचक. टेस्ट त्यांच्या गाडीवर आणि निकाल आमच्या गाडीला लावता.

उद्यमबाग_मशीनशॉप
हा मुद्दा बरोबर आहे, मान्य. हौदा केबिनच्या मानानं लांब असला की वारा फाळक्यापर्यंत जायच्या आतच खाली येतो आणि मग फाळक्याला आतनं आपटतो, म्हणजे भोवऱ्याचा फायदा कमी होतो. म्हणून लांब हौद्याच्या गाडीत बंद आणि उघड्यातला फरक अजून लहान असणार. पण त्यातनं "उघडा ठेवला तर वाचतं" असं काय निघत नाही.

कॅम्प_काका
गाडीत पहिला एअर फिल्टर बघा. आमच्या स्विफ्टला फिल्टर बदलला, लगेच फरक. आणि टायरमध्ये नायट्रोजन भरा.

निपाणी_नाका
काका ते कार झाली, इथं विषय फाळक्याचा आहे. हवेचं मात्र खरं, पण साधी हवा बरोबर असली तरी बास. रिकामी आणि भरलेली गाडी यात मागच्या टायरचं प्रेशर वेगळं असतं, ते दरवाजावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, कोण बघत नाही.

कोगनोळी_बॉर्डर
ॲव्हरेज सोडा, डिझेल कुठं भरता ते सांगा. मागं कर्नाटकात डिझेल स्वस्त पडायचं, तेव्हा महाराष्ट्रातनं येणाऱ्या गाड्या आमच्याकडच्या पंपावर रांग लावायच्या. पुण्याकडं जाताना दोन्हीकडचा भाव बघून जिकडं स्वस्त तिकडं टाकी फुल करायची.

भाजीगाडी_बेळगाव
डिझेल बेळगावातच भरतो ओ, मी पुण्याला जातच नाही. बोलेरो आहे, मोठ्या हौद्याची. ॲव्हरेज जाताना बरं असतं, येताना मार खातं, म्हणून तर फाळक्यावर संशय आला. रोड नेहमीचाच, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी करत गोव्यात म्हापसा. भाजी घेऊन जायचं, रिकामे क्रेट घेऊन यायचं.

उद्यमबाग_मशीनशॉप
अहो हे पहिल्यांदाच सांगायचं होतं! चोर्ल्यानं येताय तर फाळक्याचा संबंधच नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर आहे, म्हापसा जवळजवळ समुद्राच्या पातळीला. जाताना माल भरलेला पण उतार, येताना रिकामी पण चढ. पावणेदोन टनाची रिकामी गाडी नुसती तेवढी उंच उचलायला, इंजिनाचा तोटा धरून, सव्वा लिटरच्या आसपास डिझेल लागतं, ते रोडवर पळायला लागणाऱ्या डिझेलच्या वर. तुमचं येतानाचं ॲव्हरेज तिथं जातंय. घाटात दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसनं चाललेल्या गाडीला वारा किती अडवणार? वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गानं वाढतो, ८० ला जेवढा लागतो त्याचा चौथा हिस्सा ४० ला. तिथं फाळका पाडा, काढून घरी ठेवा, पंपावर कळणार नाही.

मालकांना जाता-येता मिळून हिशोब दाखवा. म्हापशाला टाकी भरून नुसतं येतानाचं काढलं तर ते कायम कमीच दिसणार आणि तुमचे पैसे कापले जाणार, हा तुमच्यावर अन्याय आहे.

खानापूर_लोंढा
चोर्ला कशाला जाता, रामनगरवरनं अनमोडनं जावा की. कणकुंबीच्या पावसात तो रस्ता दरवर्षी धुवून जातो, खड्ड्यात ब्रेक मारून परत उचलण्यातच डिझेल जातंय सगळं.

चंदगडी_माणूस
अनमोड म्हापशाला लांब पडतो भावा. त्यापेक्षा आमच्याकडनं तिलारीनं...

निपाणी_नाका
तिलारीच्या घाटात भरलेली पिकअप घालायला सांगू नका कुणाला. ती वळणं आणि तो उतार मालगाडीचा नव्हे. विषयावर या.

भाजीगाडी_बेळगाव
उद्यमबागवाले साहेब, चढाचं पटलं, मालकांना दाखवतो. पण एक सांगायचं राहिलं, पुढच्या महिन्यापासून पुणे मार्केट यार्डाचं भाडं लागणार आहे आठवड्यातनं थोडं. तेव्हा हायवे. मग तिथं फाळक्याचं आणि ताडपत्रीचं काय?

कोगनोळी_बॉर्डर
बघा, मी म्हटलं होतं पुण्याचं. भाव बघून टाकी फुल करा.

उद्यमबाग_मशीनशॉप
आता प्रश्न खरा झाला. ढोबळ हिशोब सांगतो. रिकामी पिकअप ८० नं सपाटीला चालली तर इंजिनाचा निम्म्याहून जास्त जोर वाऱ्याशी भांडण्यात जातो, उरलेला टायरवर. समजा फाळका पाडल्यानं वाऱ्याचा विरोध पाच टक्के वाढला तर डिझेल तीन टक्क्यांच्या आसपास वाढेल, म्हणजे १३ च्या ॲव्हरेजचं १२.६. हे तुमच्या डोळ्याला दिसणार नाही, कारण पंपावर नोझल कट व्हायलाच तेवढा फरक पडतो. पण ८० ऐवजी ६५ ठेवलं तर वाऱ्याचा विरोध एक तृतीयांशानं उतरतो. तो टाकीत दिसतो.

हुक्केरी_दोस्त
६५ नं पुण्यासनं यायचं म्हणजे रात्र जाते रोडवर. भाड्याच्या माणसाला वेळेचे पैसे नाहीत काय? असले हिशोब खुर्चीत बसून बरे वाटतात.

उद्यमबाग_मशीनशॉप
वेळेचं तुमचं बरोबर. भरलेली जाताना मार्केटची वेळ गाठायची असते, तेव्हा ६५ म्हणत नाही मी. येताना रिकामी असते आणि तेव्हाच वारा जास्त भारी पडतो, मी तेवढंच म्हणतोय. तसंही सातारा ते कागल सहापदरीच्या कामात डायव्हर्जनला ८० कुठं मिळतंय.

आरटीओ_रोडवाला
डिझेलचं बोलताय, दंडाचं कोण बोलत नाही. बोलेरोचा फाळका पूर्ण पाडला की खाली लोंबतो आणि नंबर प्लेट, लाइट झाकतो. कर्नाटकातला पोलीस असो का महाराष्ट्रातला, रात्री मागची लाइट दिसली नाही की बाजूला घेणारच. फाळका त्याच्या लोखंडी साखळ्यांवर आडवा ठेवला आणि त्यावर क्रेट बाहेर आले तर अजून वाईट. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल बॉडीच्या बाहेर आला की कलम १९४(१अ) लागतं, २०,००० दंड आणि वर माल उतरवायचा खर्च आपला. किती टाक्या डिझेल झालं हिशोब करा. दंडाचं सोडा, मागनं दुचाकीवाला अंधारात त्या पत्र्याच्या कडेवर येऊन आपटला तर?

खानापूर_लोंढा
हे मात्र शंभर टक्के. रिकामे क्रेट हलके असतात, फाळका उघडा असला की खड्ड्यात उड्या मारत मागं सरकतात. क्रेट हरवला तर तो पण आपल्याच हिशोबात.

निपाणी_नाका
ताडपत्रीचं राहिलं. मी तंबाखूची बोदं वाहतो, ताडपत्री रोजचीच. कमानीवर बांधलेली आणि पुढनं केबिनजवळ उघडी असली की वारा आत शिरून फुग्यासारखी फुगते, रिकाम्या गाडीला हायवेला ओढ स्टेअरिंगवर जाणवते. रिटर्नला कमान टपाच्या वर गेलेली असेल तर काढाच. सपाट बांधायची म्हणता तर मालक चूक नाहीत, पण ताणून बांधली तरच. ढिली राहिली की फडफडते, फडफडली की कडा फाटतात आणि वाचलेलं डिझेल ताडपत्रीत जातं.

उद्यमबाग_मशीनशॉप
सहमत. सपाट कव्हरचा फायदा हौद्याच्या बाजूच्या फळ्यांच्या उंचीला, एका लेव्हलला असलं तरच. क्रेट एकात एक घालून केबिनला चिकटवून रचा, फळीच्या वर येऊ देऊ नका, म्हणजे मध्ये फुगवटा येत नाही. आणि मोजायचं असेल तर एकच पंप, एकच नोझल, टाकी फुल ते टाकी फुल, दोन्ही बाजूचा प्रवास धरून. एका फेरीवर निकाल काढू नका, पावसाळ्यात पश्चिमेचा वाराच त्याहून जास्त फरक पाडतो.

कॅम्प_काका
ताडपत्रीनं भाजी गुदमरत नाही काय? मेथी, कोथिंबीर पिवळी पडंल.

भाजीगाडी_बेळगाव
काका भाजीवर हिरवी जाळी असते, ताडपत्री रिटर्नला म्हणतोय. बरं, ठरलं. फाळका बंदच. चोर्ल्याला आहे तसं, मालकांना जाता-येता एकत्र हिशोब. पुण्याला रिटर्नला कमानी काढून सपाट बांधतो. शेवटचं एक सांगा, दोरीनं बांधली तर पन्नास किलोमीटरवर ढिली होते, त्याला काय करता?

निपाणी_नाका
नुसती दोरी नको. ताडपत्री शिवायला टाकताना रिंगा हात-हात अंतरावर नको, वीत-वीत अंतरावर मारून घ्या, कडेला पट्टी दुहेरी. टायरच्या दुकानात जुनी ट्यूब मिळते, तिचे दोन बोटं रुंदीचे पट्टे कापून रिंग आणि हौद्याचा हुक यात अडकवा, रबर ओढून धरतं, ढिलं पडत नाही. पहिली केबिनकडची बाजू बांधायची, मग बाजू, फाळक्याकडची सगळ्यात शेवटी, आणि ती फाळक्याच्या वरनं बाहेर घेऊन खालच्या हुकाला. नंबर प्लेट झाकली नाही ना ते उतरून एकदा बघा.