उपचार चालू आहेत आणि घरी मारहाण होते: जोडप्याला एकत्र बसवावं का?

अबोली:
वंध्यत्व उपचार केंद्रात समुपदेशन करणाऱ्यांना विचारते आहे. 'ताणामुळे भांडणं होतात' म्हणून जोडपी येतात. बोलतो तो एकटाच, आणि ती नंतर नर्सला हळूच सांगते की हात उचलतो. एकत्र सत्र घ्यावं का? त्याला संशय न येता तिला वेगळं कसं भेटायचं? चालू आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचं काय?

दवबिंदू:
एकत्र सत्र नको. ती खरं बोलली तर घरी गेल्यावर भोगते आणि गप्प बसली तर सत्राला अर्थ उरत नाही. शिवाय 'दोघांनी थोडं थोडं बदला' या पद्धतीत मारहाणीची निम्मी जबाबदारी तिच्या माथी येते.

वेगळं भेटणं हा सरसकट नियम करा. पहिल्या भेटीत दोघांसमोर सांगा, 'इथे आधी प्रत्येकाशी एकट्याने बोलतो.' त्यालाही तेवढाच वेळ द्या. तिच्यासोबत आत नातेवाईक नको, भाषेची अडचण असली तरी नको.

'अत्याचार होतो का' असं विचारलं तर बऱ्याचदा 'नाही' असंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: भांडण झालं की तो ढकलतो का, मारतो का? अंडं सुटायच्या दिवसांत नको असताना संबंध ठेवायला लावतो का? औषधं, पैसे, फोन कुणाच्या ताब्यात असतात? ती जे सांगेल ते त्याच्याकडे आडूनही काढू नका. नोंद जोडप्याच्या सामायिक फाइलमध्ये ठेवू नका, कारण ती फाइल तो मागू शकतो.

शुक्रतारा:
यात गळ्याचा प्रश्न वेगळा विचारा: 'कधी गळा दाबला का?' मानेवर वळ नसले तरी धोका असतो. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, शुद्ध हरपणं यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी आपत्कालीन विभागात पाठवा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. जोडीदाराने आधी गळा दाबला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट दिसली, असं अमेरिकेतला २००८ सालचा अभ्यास सांगतो.

आयव्हीएफ थांबवायचं की नाही हे तिने ठरवायचं. पण भ्रूण गोठवून ठेवता येतात, ते गर्भाशयात सोडणं (प्रत्यारोपण) पुढे ढकलता येतं, हे तिला एकटीला सांगा. ट्रिगर इंजेक्शन, म्हणजे अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, अंडी काढण्याच्या ३४ ते ३६ तास आधी ठरल्या वेळीच द्यावं लागतं. ते कुणी लपवलं तर उपचाराची पूर्ण फेरी (सायकल) वाया जाऊ शकते. धाक दाखवायचं ते एक साधन बनतं, म्हणून अशा वेळी इंजेक्शनं केंद्रातच ठेवा आणि तिथेच द्या.

वीर्य तपासणीचा रिपोर्टही सांभाळून द्या. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा स्त्रीच्या कारणासोबत. दोष त्याच्यात निघाला की राग तिच्यावर निघतो. रिपोर्ट तिच्या हाती देऊन घरी पाठवू नका. डॉक्टरांनी तो त्याला समोर बसवून सांगावा आणि त्या वेळी ती दुसऱ्या खोलीत नर्सजवळ असावी.

अबोली:
'मूल झालं की निवळेल' असं तीच म्हणते, तेव्हा? आणि एकत्र कधीच नाही का?

दवबिंदू:
निवळेल असं गृहीत धरू नका. गरोदरपणात मारहाण सुरू होते किंवा वाढते, असंही घडतं. तिला ते सांगा, पण 'सोडून जा' म्हणून रेटू नका. घर सोडतानाचा आणि त्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. आधी योजना हवी: ओळखपत्रं, उपचारांची कागदपत्रं आणि थोडे पैसे विश्वासातल्या व्यक्तीकडे, फोनवर ठरलेला एक सांकेतिक शब्द, आणि कुठे जायचं ते पक्कं.

एकत्र बसणं फार नंतर. मारहाण बऱ्याच काळापासून पूर्ण थांबलेली हवी, त्याने हिंसा करणाऱ्यांसाठीचा वेगळा कार्यक्रम पूर्ण करून 'मी मारलं' हे कारणं न देता कबूल केलेलं हवं, आणि तिने एकटी असताना 'मला भीती वाटत नाही, मला बसायचंय' असं सांगितलेलं हवं. नुसता राग आवरण्याचा वर्ग पुरत नाही. तो साहेबावर हात उचलत नाही, म्हणजे राग त्याला आवरता येतो. एकत्र सत्रं सुरू झाल्यावरही प्रत्येक वेळी आधी तिला वेगळं भेटा, आणि ती 'आज नको' म्हणाली तर सत्र केंद्राच्या नावाने रद्द करा, तिच्या नावाने नाही.